विसरण्याआधीची वीस वर्षं

बिरवाडी, जिते, आसनपोई या गावांच्या शेजारी रसायनांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा त्यांत पाळीवर लागलेली पहिली पोरं आज साठीला टेकली आहेत किंवा ती ओलांडून गेली आहेत. पोलादपुरातल्या वाड्यांवरून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, सुरत-बडोद्याच्या कारखान्यांत गेलेली पिढी त्यांच्याही पुढे आहे. ती आता गावी परतून ओटीवर बसली आहे. महाड औद्योगिक वसाहतीचा विषय निघाला की बोलणं सावित्री नदीच्या पाण्यावर जातं, रात्री सुटणाऱ्या वासावर जातं, आगी आणि स्फोटांवर जातं. ते बोलायलाच हवं. पण या दोन तालुक्यांत म्हातारी माणसं वाढताहेत, घरात त्यांच्याजवळ राहणारे हात कमी होताहेत, आणि त्यातून पुढे येणाऱ्या आजाराबद्दल मात्र चकार शब्द निघत नाही. आजी चुलीवर दूध ठेवून विसरते, आजोबा रोजच्या पायवाटेवर चुकतात, आणि घरचे म्हणतात, वय झालं. त्यातल्या बऱ्याच जणांचं नुसतं वय झालेलं नसतं. त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, जडलेला असतो.

गेल्या दहा वर्षांत या आजाराचं संशोधन बरंच पुढे सरकलं आहे. बातम्यांत झळकतात ती नवी औषधं. माझ्या मते महाड-पोलादपूरसारख्या मुलखाला लागू पडणारे खरे निष्कर्ष दुसरेच आहेत. गावातल्या साध्या प्रशिक्षित माणसांकडून काय होऊ शकतं, हे सांगणारे ते अभ्यास आहेत, आणि त्यांच्याकडे आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

आधी आजाराविषयी थोडं. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका स्त्रीच्या मेंदूत आढळलेले चिवट साके आणि तंतूंच्या गाठी वैद्यकीय सभेत मांडल्या. पुढे त्यांच्या नावानं ओळखला गेलेला अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत मोठा प्रकार, पण एकमेव नव्हे. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यानं होणारा डिमेन्शिया आहे, लेवी बॉडीचा आहे, कपाळामागचा मेंदू झिजल्यानं माणसाचा स्वभावच पालटून टाकणारा आहे. सत्तरी-ऐंशीत यांतले दोन-तीन एकाच डोक्यात नांदत असतात. आणि अल्झायमरमधला ॲमिलॉइड या प्रथिनाचा साका जमायला लागतो तो लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून. म्हणजे सत्तराव्या वर्षी नातवाचं नाव विसरणाऱ्या माणसाचा आजार त्याच्या पन्नाशीत, तो नोकरीवर किंवा शेतावर राबत असताना सुरू झालेला असतो. प्रतिबंधाचं सगळं शास्त्र या मधल्या वीस वर्षांवर उभं आहे.

आपल्याकडे हा आजार किती आहे? मुंबईत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ६५ वर्षांवरच्या माणसांत तो सुमारे अडीच टक्के निघाला. पुण्यातल्या २०१० सालच्या पाहणीत ४.१ टक्के. मग आला 'लासी-डॅड' हा देशव्यापी अभ्यास. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था जो 'लासी' हा वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास चालवते, त्याचाच हा डिमेन्शियासाठी काढलेला भाग. १८ राज्यांतल्या चार हजारांहून जास्त ज्येष्ठांची सविस्तर तपासणी झाली आणि २०२३ साली आकडा पुढे आला: साठीवरच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल असा अंदाज आहे.

जुने आणि नवे आकडे इतके वेगळे का? वयाची मर्यादा वेगळी, मोजायची पद्धत वेगळी, आणि दारोदार फिरून 'घरात कोणाला विसरायला होतं का' असं विचारलं की बरीच घरं नाही म्हणून मोकळी होतात. पण लासी-डॅडच्या आकड्यांत मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या आतल्या दोन तुलना. शहरात ५.३ टक्के, खेड्यात ८.४. पुरुषांत ५.८, स्त्रियांत ९. मोकळी हवा, साधं जेवण, कष्टाचं शरीर, म्हणून खेड्यातलं म्हातारपण डोक्यानं शाबूत, ही आपली समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

या फरकाचा मोठा वाटा शिक्षणाकडे जातो. लहानपणी शाळेत गेलेल्या मेंदूत जास्तीची शिल्लक तयार होते. पुढे झीज सुरू झाली तरी माणूस त्या शिल्लकीवर बरीच वर्षं निभावून नेतो. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर आज पंचाहत्तर वर्षांची असलेली बाई कितवीपर्यंत शिकली असेल? बहुतेकींच्या वाट्याला शाळा आलीच नाही. नदीपलीकडे शाळा, पावसाळ्यात साकव नाही, धाकटं भावंड कडेवर. त्या मुलींना तेव्हा नाकारलेली शाळा आज त्यांच्या स्मृतीवर हिशेब मांडते आहे, हे वाचताना मला राग येतो.

निरक्षर माणसाची स्मृती तपासायची कशी, हा प्रश्न इथेच येतो. परदेशी चाचणीत वाक्य लिहून दाखवा, शंभरातून सात-सात वजा करा, आजची तारीख सांगा, असं विचारतात. शाळा न पाहिलेली शहाणी बाई तिथे नापास होते आणि शिकलेला, खरोखर आजारी झालेला गुरुजी पास होतो. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या भारत-अमेरिका संशोधक गटानं म्हणून नव्वदच्या दशकात हिंदीत वेगळी चाचणी घडवली, जिला अक्षरओळख लागत नाही. लासी-डॅडमध्येही चाचणीबरोबर घरच्या माणसाची मुलाखत घेतली गेली. आपल्याकडे सुनेला विचारावेत असे प्रश्न साधे आहेत: आजी हल्ली पेजेत मीठ दोनदा घालते का, पेरणी आवणी कळते का, पैसे मोजता येतात का, पूर्वी येत असलेलं कोणतं काम गेल्या वर्षभरात सुटलं? आधी येत होतं आणि आता येत नाही, यातच निदानाचा गाभा आहे.

आता धोक्यांकडे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं लंडनच्या गिल लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखाली नेमलेल्या आयोगानं २०१७ साली डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे ९ धोके मांडले. २०२० साली ते १२ झाले, २०२४ साली १४. अपुरं शिक्षण, बहिरेपण, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, अती मद्यपान, एकाकीपणा, हवेचं प्रदूषण आणि उपचार न झालेली दृष्टीची कमतरता. हे सगळे नाहीसे झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील, असं आयोगाचं गणित. भारतापुरतं असंच गणित २०१९ साली नऊ धोके धरून झालं होतं. तेव्हा उत्तर ४१ टक्के आलं.

या ४५ टक्क्यांचा अर्थ नीट घ्यायला हवा, कारण तो सारखा चुकीचा सांगितला जातो. हा आकडा अख्ख्या समाजाचा आहे. तुम्ही रोज चाललात तर तुमचा धोका निम्मा होईल, असं तो म्हणत नाही. सगळं नेमानं करणाऱ्यालाही हा आजार होतो, आणि झाला तर त्यात त्याची चूक नसते. शिवाय यातले बरेच पुरावे माणसांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून मिळालेले आहेत. नैराश्य आणि एकलकोंडेपणा हे काही जणांत आजाराचं कारण नसून त्याची पहिली चाहूल असू शकतात. एवढं लक्षात ठेवलं की यादी कामाची आहे, आणि ती महाडच्या नकाशावर ठेवून वाचली की तिचा अर्थ आणखी स्पष्ट होतो.

बहिरेपणापासून सुरुवात करतो, कारण चौदा धोक्यांत कोलेस्टेरॉलबरोबर त्याचा वाटा सर्वांत मोठा, प्रत्येकी ७ टक्के, धरलेला आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मेंदूला आवाजाचं खाद्य कमी मिळतं, शब्द पकडण्यातच सगळी शक्ती जाते, आणि हळूहळू तो गप्पांतून, भजनातून, ग्रामसभेतून बाजूला होतो. कारखान्यातला कॉम्प्रेसर, ब्लोअर, बॉयलर, सेंट्रिफ्यूज यांच्याजवळ वीस-पंचवीस वर्षं उभं राहिलेल्या कामगाराचे कान हा या वसाहतीचा डिमेन्शियाशी असलेला सर्वांत सरळ दुवा आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्या कारखाना नियमांतली मर्यादा, आणि आवाजामुळे येणारं बहिरेपण कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवण्याच्या आजारांत नोंदलेलं होतं. रासायनिक कारखान्यात आणखी एक भर पडते. टोल्युईन, झायलीन, स्टायरीन यांसारखी द्रावणं स्वतःच कानाच्या आतल्या पेशींना इजा करतात आणि मोठ्या आवाजाबरोबर ती इजा वाढते. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून घरात ओरडून बोललं जातं, मग बोलणंच कमी होतं. तिथून पुढे घडतं त्याला म्हातारपण म्हणून सोडून देता येत नाही.

श्रवणयंत्र लावल्यानं स्मृती वाचते का? अमेरिकेतल्या 'अचीव्ह' या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं हे पाहिलं गेलं. २०२३ सालचा निकाल संमिश्र होता. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच हृदयविकाराचे, रक्तदाबाचे धोके जास्त होते त्या गटात बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी भरली. उपगटातला निकाल सावधपणेच घ्यावा लागतो. तरीही यंत्र लावलेला माणूस पुन्हा बोलू लागतो, आणि तेवढ्यासाठीही ते लावावं.

द्रावणांचा आणि मेंदूचा संबंध स्वतंत्रपणे तपासला गेला आहे. फ्रान्सच्या सरकारी वीज-गॅस कंपनीतल्या २,१४३ निवृत्त कामगारांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. क्लोरीनयुक्त द्रावणं, पेट्रोलियम द्रावणं, बेंझिन यांच्याशी आयुष्यात जास्त संबंध आलेल्यांची स्मृतीच्या आणि विचारांच्या वेगाच्या चाचण्यांतली कामगिरी कमी होती. ज्यांचा संबंध फार मोठा होता त्यांच्यात काम सुटून तीस-चाळीस वर्षं झाल्यावरही ही तूट राहिली होती. हे डिमेन्शियाचं निदान नव्हे, आणि महाडमधल्या कारखान्यांमुळे अमुक इतक्यांना डिमेन्शिया झाला असं यावरून कोणीही म्हणू नये. पण निवृत्तीबरोबर कारखाना माणसाच्या शरीरातून निघून जातो, हे गृहीतक हा अभ्यास मोडून काढतो. ठेकेदाराकडे काम केलेला, मास्क-हातमोज्यांविना टाक्या धुतलेला माणूस साठीनंतर डॉक्टरकडे गेला तर त्याला 'काम काय करत होतात' हे विचारलं जायला हवं.

हवेतले २.५ मायक्रॉनहून बारीक कण २०२० सालापासून यादीत आहेत. चिमणीकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण धूर घरातही आहे. लासीच्या माहितीवर झालेल्या अभ्यासांत लाकूडफाटा, गोवऱ्या जाळणाऱ्या घरांतल्या प्रौढांची, त्यातही बायकांची, बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी कमी आढळली आहे. घरात सिलिंडर आलेला असतो. तो चहापुरता, पाहुण्यांपुरता. पाणी तापवायला, भाकरीला, पावसाळ्यात उबेला चूलच. औद्योगिक पट्ट्यातली बाई दोन्ही धूर घेते.

रक्तदाबावर थोडं थांबावं लागेल, कारण इथे पुरावा निरीक्षणाच्या पुढे गेलेला आहे. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट-माइंड' चाचणीत ९,३६१ जणांपैकी अर्ध्यांचा वरचा दाब १२० खाली आणण्याचा प्रयत्न झाला, उरलेल्यांचा १४० खाली. २०१९ सालच्या निकालात कडक गटात सौम्य बौद्धिक घसरण १९ टक्क्यांनी कमी होती. डिमेन्शियातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मग २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये चीनचा निकाल आला. लिआओनिंग, शान्शी आणि हुबेई प्रांतांतली ३२६ खेडी, चाळिशीवरची सुमारे ३४ हजार माणसं, सगळ्यांना रक्तदाब. निम्म्या खेड्यांत गावातल्या 'ग्रामवैद्यांनी' मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या सुरू केल्या, वाढवल्या, घरी दाब मोजायला शिकवलं, पुन्हा पुन्हा बोलावलं. चार वर्षांनी त्या खेड्यांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी होता.

या एका अभ्यासासाठी हा लेख लिहावासा वाटला, असं म्हटलं तरी चालेल. तिथे नवं औषध नव्हतं, महागडं यंत्र नव्हतं, मेंदूचं स्कॅनिंग नव्हतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात तशाच साध्या गोळ्या होत्या, आणि त्या नेमानं घेतल्या जाताहेत ना हे बघणारं गावातलंच माणूस होतं. आपल्याकडे गोळी मिळते आणि तुटतेही. आवणीच्या दिवसांत उपकेंद्रावर जायला सवड नसते. मुंबईला मुलाकडे गेलं की गोळ्या गावी राहतात. 'आता बरं वाटतंय' म्हणून महिनाभर बंद होतात. मधुमेहाचंही तसंच, आणि आपल्या लोकांत तो कमी वयात येतो. कोलेस्टेरॉल तर खेड्यात क्वचितच कोणी तपासतं.

यादीतलं बाकीचं पटकन सांगतो. मोतीबिंदू: सिॲटल भागातल्या तीन हजार ज्येष्ठांच्या २०२२ सालच्या अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांत डिमेन्शिया सुमारे तीस टक्के कमी दिसला, मोफत शिबिरं होतात, त्यात आजीला बसवून न्यावं. डोक्याला मार: आंब्यावरून पडणं आणि मुंबई-गोवा महामार्गावर हेल्मेटशिवाय दुचाकी, दोन्ही टाळण्यासारखं. दारू आणि विडी यांविषयी नव्यानं सांगायची गरज नाही. फिनलंडच्या मिया किविपेल्टो यांनी 'फिंगर' चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना आहार, व्यायाम, मेंदूचे खेळ आणि दाब-साखरेवर लक्ष असं एकत्र दिलं. दोन वर्षांत त्यांची बौद्धिक कामगिरी तुलनेतल्या गटाहून चांगली राहिली. अमेरिकेत तशाच धर्तीवर दोन हजारांहून जास्त जणांवर झालेल्या चाचणीचा २०२५ सालचा निकालही त्याच बाजूचा आहे. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ रुग्णांत पाहिलं की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षं उशिरा आला, निरक्षरांतसुद्धा; नंतरचे सगळे अभ्यास त्याला दुजोरा देत नाहीत, तरी सुरतेत गुजराती शिकलेल्या आपल्या आजोबांसाठी ही चांगली खबर आहे. हळदीच्या गोळ्यांनी मात्र स्मृती वाचते असा भरवशाचा पुरावा नाही. त्यावर पैसे घालू नयेत.

एकाकीपणाचा वाटा आयोगानं ५ टक्के धरला आहे. पोलादपुरात तो याहून मोठा असावा असं मला वाटतं. कित्येक वाड्यांवर दहा घरांतली सहा कुलूपबंद, उरलेल्यांत एकेक म्हातारी, आणि गणपती-शिमग्याला चार दिवस गलबला. म्हणूनच आजार पहिल्यांदा लक्षात येतो तो गणपतीत. वर्षभरानं आलेल्या मुलाला आई तासाभरात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते, मागच्या वर्षीची सून ओळखत नाही. मग घाबरलेला मुलगा तिला मुंबईला घेऊन जातो. तिथे दोन खोल्या, अनोळखी जिना, खिडकीबाहेर न कळणारी रात्र. आणि घरच्या अंगणात निभावून नेणारी बाई आठवड्यात पार भांबावते. 'मला घरी जायचंय' म्हणत दार उघडून निघते. मुलाचा हेतू चांगला असतो. पण ओळखीची जागा, ठरलेला दिवस, हाताला सवयीचं काम हाच या आजारात माणसाचा टेकू आहे. न्यायचंच असेल तर तिची गोधडी, तिचा देव्हारा, तिचा तांब्या बरोबर न्यावा, आणि जमेल तितकं तिला गावच्या घरीच राहू देऊन माणसानं तिच्याकडे यावं.

महाडमध्ये याला पुराची जोड आहे. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली आणि त्याच दिवसांत महाड शहर पाण्यात होतं. रात्री घर सोडा म्हणून हाक आली तर डिमेन्शिया झालेल्या माणसाला ती समजत नाही; तो हटून बसतो किंवा गर्दीत हरवतो. निवारा केंद्रात त्याची गोळी नसते, चष्मा नसतो, कानातलं यंत्र नसतं, आणि त्या गोंधळात मती अचानक जास्तच फिरते. गावच्या आपत्ती आराखड्यात गरोदर बायका आणि अंथरुणाला खिळलेले यांच्या शेजारी अशा माणसांचीही यादी हवी. खिशात नाव, गाव, फोन लिहिलेली चिठ्ठी हवी.

उपचारांकडे येतो. पहिलं काम म्हणजे बरी होणारी कारणं शोधणं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (माळकरी घरांत मासळी-मटण नसतं, तिथे हे आधी तपासावं), थायरॉइड मंदावणं, पडल्यानंतर कवटीखाली साचलेलं रक्त, खोल नैराश्य, लघवीतला जंतुसंसर्ग, आणि झोपेच्या, सर्दीच्या, खाजेच्या काही गोळ्या. यांनी डिमेन्शियासारखंच चित्र उभं राहतं आणि उपचारानं ते पालटू शकतं. दोन-चार दिवसांत अचानक मती फिरली तर तो बहुतेक वेळा डिमेन्शिया नसतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खऱ्या अल्झायमरवर डोनेपेझिल १९९६ पासून आहे. पुढे रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन, मेमँटिन आली. भारतात ही औषधं जेनेरिक स्वरूपात मिळतात. त्यांनी आजार थांबत नाही. काही जणांना वर्ष-दोन वर्षं थोडा आधार मिळतो. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब आणि २०२४ सालचं डोनानेमॅब यांनी मेंदूतला ॲमिलॉइड उपसून काढला, आणि शास्त्र म्हणून ती मोठी घटना आहे. पण लेकॅनेमॅबनं दीड वर्षात घसरण २७ टक्क्यांनी मंदावली याचा अर्थ १८ गुणांच्या मापावर ०.४५ गुणाचा फरक. शिरेतून सलाइनसारखं औषध, पुन्हा पुन्हा एमआरआय, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका, आणि उपयोग फक्त सुरुवातीच्या टप्प्यात. पोलादपूरहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. त्या औषधाची वाट बघण्यात इथल्या एकाही कुटुंबानं आज वेळ आणि जमीन घालवू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. रक्तातून अल्झायमर ओळखणाऱ्या पी-टाऊ २१७ चाचणीबद्दल मला जास्त आशा आहे; २०२५ साली अमेरिकेत तिला वापराची परवानगी मिळाली, आणि ती स्वस्त झाली तर निदानासाठी मुंबईच्या खेपा वाचतील.

चिडणाऱ्या, रात्री ओरडणाऱ्या रुग्णाला मनोविकाराच्या जड गोळ्या देऊन निजवणं सर्रास होतं. त्या गोळ्यांनी अशा ज्येष्ठांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला आहे. आधी बघावं की पोट साफ आहे का, दात दुखतोय का, ऐकू येतंय का, दिवसभर झोपून तर नाही ना.

आणि इथे आपल्या शेजारच्या गोव्याचं काम आहे. १० टक्के संशोधन ६६ टक्के रुग्णांविषयी, अशी विषमता दाखवण्यासाठी '१०/६६' असं नाव घेतलेल्या आंतरराष्ट्रीय गटाशी जोडलेले अमित डायस, विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेचे सहकारी यांनी तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांत एक चाचणी केली. बारावीपर्यंत शिकलेल्या स्थानिकांना थोडं प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार बनवलं. त्यांनी सहा महिने पंधरवड्याला घरी जाऊन आजार समजावला, वागणूक कशी हाताळायची ते दाखवलं, सरकारी योजना मिळवून दिल्या. २००८ सालच्या निकालात सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती स्पष्टपणे सुधारलेली होती. त्याच गटानं पुढे गोव्यात निराशेची किरकोळ लक्षणं असलेल्या १८१ ज्येष्ठांना साध्या समुपदेशकांकडून आधार दिला. वर्षभरात पूर्ण नैराश्य आलं ते ४.४ टक्क्यांना, एरवीच्या गटात १४.४ टक्क्यांना. नैराश्य हा चौदातला एक धोका आहे, म्हणजे हेही प्रतिबंधाचंच काम.

आपल्या घरात सांभाळणारी म्हणजे बहुतेक सून, नाहीतर न लग्न झालेली किंवा माहेरी परतलेली लेक. तिची रात्र मोडते, रोजगार बुडतो, आणि सासूनं 'हिनं मला जेवायला दिलं नाही' असं शेजारी सांगितलं की गाव तिच्याकडेच संशयानं बघतं. सासूच्या आजाराचं ते लक्षण आहे, हे गावाला सांगणारं कोणी नसतं. केरळनं २०१४ सालीच डिमेन्शियासाठी राज्याचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात अशा बाईनं १४५६७ या ज्येष्ठांच्या किंवा १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन तरी करावा. तिला ऐकणारं माणूस मिळणं हाही उपचार आहे.

हे सगळं करायला नवी यंत्रणा उभारावी लागेल असं मला वाटत नाही. आशाताई तिशीवरच्या प्रत्येकासाठी असंसर्गजन्य आजारांचा जो तपासणी-तक्ता भरतात तो एकदा काढून वाचावा. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, चालणं-फिरणं त्यात आहे. ऐकायला त्रास होतो का, धूसर दिसतं का, हे आहे. स्वयंपाकाला इंधन कोणतं, धूर-वायू-धूळ असलेल्या उद्योगात काम करता का, हे आहे. गेल्या पंधरवड्यात उदास वाटलं का, हे आहे. आणि साठीवरच्यांसाठी एक प्रश्न असा आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? चौदा धोक्यांपैकी बहुतेक या एका कागदावर आधीच विचारले जातात, पण क्षयासाठी, कर्करोगासाठी, मधुमेहासाठी. ते एकत्र ठेवून डिमेन्शियासाठी वाचायला आशाताईंना कोणी शिकवलेलं नाही, आणि 'हो' उत्तर आल्यावर त्या आजींना पुढे कोणाकडे पाठवायचं हे ठरलेलं नाही. महाड-पोलादपूरच्या प्राथमिक केंद्रांतल्या एका डॉक्टरला आठवड्यातली एक सकाळ त्यासाठी दिली आणि महिन्यातून एकदा अलिबागच्या तज्ज्ञांशी व्हिडिओवर जोडलं, तर सुरुवात होते.

दुसरा कागद कारखान्यांत आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात घातलेल्या ४१-सी कलमानं घातक रसायनांशी काम करणाऱ्या प्रत्येकाची आरोग्य-नोंद ठेवणं आणि वर्षातून एकदा तपासणी करणं, काम सुटल्यानंतरही, बंधनकारक केलं होतं, आणि ती नोंद पाहण्याचा हक्क कामगाराला दिला होता. या वसाहतीतून निवृत्त झालेल्या पिढीची नोकरी त्याच कायद्याखाली गेली. श्रवणचाचणी, रक्तदाब, कोणत्या विभागात किती वर्षं, हे त्या फायलींत असायला हवं. कामगार संघटनांनी निवृत्तांच्या वतीनं त्यांच्या प्रती मागाव्यात, ठेकेदारी कामगारांच्याही, आणि त्या त्यांच्या गावच्या आरोग्य केंद्रात द्याव्यात. आज पन्नाशीत असलेल्यांनी तर निवृत्तीची वाट न बघता आपली प्रत आत्ताच मागून घ्यावी. कान आणि दाब दोन्ही दुरुस्त करायला त्यांच्याकडे अजून वेळ आहे.